न फिटलेले सोयर

हा मजकूर हर्षलने वाचला आहे. त्याने दोन वाक्ये खोडली, एका ठिकाणी समासात "इथे मी इतकाही बिचारा नव्हतो" असे लिहिले आणि कागद परत देत म्हणाला, "जाऊ दे छापायला." आजारी तो होता. लिहिते आहे मी, त्याची बायको, कारण त्या महिन्यांतले त्याला फारसे आठवत नाही आणि मला ते विसरता येत नाही. ज्यांच्या घरी नुकतेच बाळ आले आहे आणि बाळाचा बाप मात्र घरात असूनही हरवल्यासारखा वाटतो आहे, त्यांच्या हाती हे पडावे एवढीच इच्छा आहे.

मी औषधांच्या संशोधनात काम करते. जिवंत पेशी काचेच्या बशीत वाढवणे आणि त्या का मरतात हे शोधणे, हा माझा रोजचा उद्योग. मोजता येते त्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. या आजारात मोजण्यासारखे फार थोडे हाती लागले.

दोन घरे, एक कौतुक

माझे माहेर विरार पूर्वेला, फुलपाड्यात. कोकणातून आलेले नोकरदार घर. सासर आगाशीच्या बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या वाडी करणारे. हर्षल वसईच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीचा इंजिनिअर आहे. पण कामावर जाण्यापूर्वी रोज सकाळी तो पानवेलीत, म्हणजे विड्याच्या पानांच्या मळ्यात, तास-दीड तास घालवायचा. पानवेल सोवळ्याची. चपला बाहेर काढायच्या, आंघोळीशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, आणि घरात सोयर किंवा सुतक असेल तर त्या बाजूला फिरकायचेच नाही. विटाळ झाला तर वेल जळते, असे माझे सासरे, अण्णा, सांगतात. जन्माचे सोयर दहा दिवसांचे असते.

आमची मुलगी सई जन्मली आणि रीतीप्रमाणे मी तिला घेऊन फुलपाड्याला गेले. इकडे अण्णांनी दहा दिवस आळीतल्या एका माणसाकडून वेलीला पाणी घालून घेतले. अकराव्या दिवशी ते हर्षलला म्हणाले, "चल, आता फिटलं." हर्षल म्हणाला, "सव्वा महिना होऊ दे, अण्णा. त्या दोघी घरी येऊ देत, मग जातो."

अण्णांची छाती फुगली. आळीत ज्याला त्याला सांगत सुटले, "शिकलेला पोरगा, पण पाळतो बघा. आमच्या वेळेला आम्ही पण एवढं पाळलं नाही."

रविवारी तो फुलपाड्याला यायचा. दारातच चपला काढून थेट मोरीत, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि मग पाळण्यापासून लांबच्या खुर्चीवर बसायचा. आई बाळ त्याच्यापुढे धरायची तेव्हा तो म्हणायचा, "नको, आई. बाहेरून आलोय."

"बघ, बघ, किती जपतात जावईबापू!" तो गेल्यावर आई मला म्हणायची. "नाहीतर तुझे पप्पा. तू झालीस तेव्हा बाजारातून आले ते हातात मच्छीची पिशवी तशीच, आणि तुझे मुके!"

मीही मान डोलावली. बाळाजवळ येण्यापूर्वी हात धुण्याचा दंडक मीच घातला होता आणि तो पाळणारा घरातला एकमेव माणूस हर्षल होता.

एकाच वागण्याचे असे तीन अर्थ लागले. अण्णांना त्यात सोवळे दिसले, आईला काळजी दिसली, मला शिस्त दिसली. चौथा अर्थ कोणी शोधला नाही, कारण प्रत्येकाला आपापल्या आवडीचा हर्षल मिळाला होता.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. सई पोटात असताना तो तिच्याशी वाडीच्या बोलीत बोलायचा. माझ्या पोटाला तोंड लावून विचारायचा, "काय गो, कटे साल्ली?" कुठे चाललीस, एवढाच त्याचा अर्थ, पण ती हमखास लाथ मारायची आणि तो अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसायचा. आता फुलपाड्याहून मी फोन तिच्या कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "बोल ना तिच्याशी, तेच बोल." पलीकडून शांतता. मग, "झोपू दे तिला, केतकी."

त्या एका वाक्यासाठी मी किती आसुसले होते, हे तेव्हा कोणाला सांगण्याजोगे वाटले नाही. नवरा बरा आहे, कमावतो आहे, दर रविवारी येतो आहे; मग रडायचे कशाला?

पंपाची खोली

सव्वा महिन्याने आम्ही सासरी आलो. माझ्या सासूबाईंनी, माईंनी, आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. हर्षलने गाडीतून सगळ्या पिशव्या उतरवल्या, दुपटी उतरवली, पाळण्याची दोरीसुद्धा उतरवली. बाळ तेवढे उतरवले नाही.

घरात आल्यावर मला जे दिसले ते रविवारच्या दोन तासांत दिसणे शक्य नव्हते. त्याचा शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. जेवताना तो घास हातात धरून थांबायचा, जणू पुढची कृती कोणती हे त्याला आठवावे लागत होते. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून पंपाच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून राहायचा. पानवेलीत मात्र पाऊल नाही. खुडायची पाने वेलीवरच जून होत होती आणि अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढी खुडत होते. त्यांचे कौतुक ओसरून आता तिथे धुसफूस आली होती.

माईंनी मला भाजी निवडताना हळूच सांगितले, "बाय, ताप नय त्याना. पन तो अटे हाय नि अटे नय." इथे आहे आणि इथे नाही. नंतर डॉक्टरांनी जे सांगितले ते याहून लांब होते, पण याहून नेमके नव्हते.

एका दुपारी मी सईला घेऊन ओट्यावर त्याच्याशेजारी बसले आणि तिला त्याच्या मांडीवर ठेवू लागले. त्याने दोन्ही हात झटकन वर घेतले, विस्तवाजवळून घ्यावेत तसे.

"नको म्हटलं ना!"

सई दचकून रडली. मी तिला थोपटले. माझा आवाज मला वाटला त्याहून जास्त कोरडा निघाला. "तुला ती आवडत नाही का?"

"आवडते की नाही हे कळायला आत काहीतरी असावं लागतं." मग वेलीकडे पाहत म्हणाला, "मी तिकडे गेलो तर वेल जळेल. हिला हात लावला तर हिला काहीतरी होईल. माझं सोयर फिटतच नाहीये, केतकी."

"अरे, दहा दिवसांचं असतं ते."

"माहितेय मला. इंजिनिअर आहे मी." तो किंचित हसला, ते हसणे मला अजून नकोसे वाटते. "माहीत असून फिटत नाही. सगळे म्हणतात, मूल झालं की घरी यायची ओढ लागते. मी रोज कामावरून निघताना थांबतो, आज तरी लागेल म्हणून. नाही लागत. मी त्या ओढीचीच वाट बघतोय."

मला अचानक सगळे उलगडले. ज्याला आम्ही सोवळे समजत होतो, ते त्याच्या दृष्टीने सोवळे नव्हतेच. तो स्वतःलाच विटाळ समजत होता. रूढीने त्याला दहा दिवस लांब राहायची मुभा दिली आणि आजाराने ती मुभा हातात धरून ठेवली.

पेशंट कोण?

त्यानंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे रक्ताच्या तपासण्या करवून घेतल्या. थायरॉईड बिघडलेला निघावा, अशी मी अक्षरशः प्रार्थना केली, कारण थायरॉईडचा आकडा येतो आणि आकडा खाली आणता येतो. सगळे आकडे ठीक होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितले.

अण्णांना ते पटले नाही. "बाळंत ही झाली, आणि दुखणं त्याला? लोकांना काय सांगायचं?"

"काही सांगू नका," मी म्हटले. "लोकांनी विचारलं तर गुडघे दाखवायला गेलेत म्हणा."

"गुडघे माझे दुखतात!"

"मग तुम्हीही चला."

ते आले नाहीत. आम्ही तिघे गेलो, कारण सई अंगावर पीत होती. वसईतल्या एव्हरशाईन सिटीजवळच्या त्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे आणि दुपट्यातल्या बाळाकडे पाहिले आणि फार प्रेमाने विचारले, "मॅडम, पेशंट तुम्हीच ना? होतं असं डिलिव्हरीनंतर. घाबरू नका."

"मी आहे," हर्षल म्हणाला.

ती गोंधळली. "सॉरी हां, सर. मला वाटलं, बाळंतपणाचं…"

"तेच आहे," तो म्हणाला. कित्येक आठवड्यांत त्याने केलेला तो पहिला विनोद होता, आणि तो विनोद नव्हता हे आत गेल्यावर कळले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला साध्या. त्यांनी झोप, भूक, काम यांबद्दल विचारले. मग कोणतीही प्रस्तावना न करता विचारले, "मरावंसं वाटतं का?"

माझ्या मांडीवर सई होती. मी तिचे कान झाकले. त्या कृतीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही.

"मरावंसं नाही," हर्षल म्हणाला. "नसावं असं वाटतं. माझ्यावाचून या दोघींचं बरं चालेल असं वाटतं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "बाळ झाल्यावर आईला नैराश्य येतं हे आता लोकांना माहीत झालंय. बापालाही येतं. हे तेच आहे."

"पण बाळंत तर ही झाली."

"हो. पण बाप तुम्ही झालात. झोप तुमचीही मोडली, घर तुमचंही बदललं. आणि मला वाटतं, तुम्हाला कोणी विचारलंच नसेल कसे आहात म्हणून."

त्याच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि ते पुसायचे असते हेही त्याला सुचत नव्हते.

मला बाहेर बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितले: सध्या त्याला एकट्याला ठेवायचे नाही, "नसावं" हा शब्द पुन्हा आला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच फोन करायचा. वाचणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. तुमच्या माणसाच्या तोंडी असे वाक्य आले तर ते कंटाळ्याचे किंवा नाटकाचे समजू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परतताना मला जे वाटले ते दुःख नव्हते. आजाराला नाव मिळाले होते. पण त्या नावाखाली माझा नवरा कुठे आहे आणि तो किती आतवर गेला आहे, याचा अंदाज कोणत्याही चाचणीतून मिळणार नव्हता.

मंगळवार

मग गोळ्या सुरू झाल्या आणि मंगळवारच्या भेटी. त्या दिवशी तो अर्धी रजा टाकायचा. बाहेरच्या बाकावर मी, आत तो. बाकावर ठरावीक माणसे असायची. कोणी कोणाचे नाव विचारत नसे, पण सईचे वय मात्र सगळ्यांना पाठ झाले. बाहेर आल्यावर तो कधी थकलेला असायचा, कधी चिडलेला. गोळ्यांनी सुरुवातीला फक्त तोंड कोरडे पडले. "काही फरक?" असे मी रोज विचारायचे, बशीतल्या पेशी न्याहाळाव्यात तशी त्याला न्याहाळायचे. शेवटी तो म्हणाला, "केतकी, मी तुझा प्रयोग नाही." मी विचारणे थांबवले. ते मला फार कठीण गेले.

त्याच सुमारास माझ्या कामावरून फोन आला. ज्या गटाचे नेतृत्व मला मिळणार होते, तो गट दुसऱ्याकडे गेला होता. मी अभिनंदन कळवले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला माझी प्रयोगशाळा हवी होती, तिथला थंड, स्वच्छ, प्रश्नाला उत्तर असलेला उजेड हवा होता. आणि त्याहून जास्त, हे ज्याला सांगितले असते तो माणूस हवा होता. तो भिंतीपलीकडेच बसलेला होता. जवळ असलेल्या माणसाची आठवण येणे हे दूर गेलेल्याच्या आठवणीपेक्षा अवघड असते. कारण पत्ता शोधायचा म्हटला तर तो आपल्याच घराचा निघतो.

लाडवांचे डबे

माहेरी सांगितले तेव्हा आई फोनवर भडकली. "तुझं शरीर अजून ओलं आहे. आता मी तुझं बाळंतपण करू की जावयाचं?"

"दोघांचं कर!" मीही ओरडले आणि फोन ठेवला.

चार दिवस तिने फोन केला नाही. मग पप्पा स्कूटरवरून आले, हातात डिंकाच्या लाडवांचे दोन डबे. एकावर चिकटपट्टी लावून आईच्या अक्षरात माझे नाव, दुसऱ्यावर "जावईबापू". पप्पा ओशाळून म्हणाले, "ती म्हणाली, दोघांचं तर दोघांचं. सुंठ थोडी जास्त घातलीय त्यांच्या डब्यात."

हर्षलने डबा उघडला, एक लाडू उचलला, बराच वेळ पाहिला आणि खाल्ला. माईंनी पदर तोंडाला लावला. त्या आठवड्यात तो एकदा मला म्हणाला, "चहात साखर जास्त झालीय." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकले. कित्येक दिवसांनी त्याला एखाद्या गोष्टीबद्दल मत झाले होते.

अण्णांच्या चपला

या आजारात सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ओट्यावर, नजर पुन्हा रिकामी. सईला तो आता जवळून पाहायचा, पण हात पाठीमागे बांधून.

अण्णा हे सगळे पाहत होते. माईंनी त्यांना काय सांगितले ते मला ठाऊक नाही. एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दे ती इकडे." मला वाटले, उन्हात नेतील. ते सईला खांद्यावर टाकून सरळ पानवेलीकडे निघाले. कडेला आल्यावर थांबलेसुद्धा नाहीत. चपलांसकट आत शिरले.

माई ओरडल्या, "अहो, चपला!"

ओट्यावरून हर्षल उठून उभा राहिला. "अण्णा! काय करताय?"

"आंघोळ पण नाही केलेली," अण्णा आतून म्हणाले. "पारोसा आहे मी. नात पण पारोशी. तिने आत्ताच दुपटं ओलं केलंय, माझा सदरा भिजलाय." वेलींच्या ओळीतून ते सावकाश चालत होते आणि सई पानांकडे टकमक पाहत होती. "साठ वर्षं पाळलं मी हे सगळं. आज मोडलं. जळायची असेल तर माझ्या नावाने जळू दे. तुझ्या नावाने नाही. कळलं?"

हर्षल कडेपर्यंत गेला. आत गेला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण तो रोज कडेला जाऊन उभा राहू लागला. वेल हिरवी होती. प्रयोग म्हणून याची किंमत शून्य आहे, हे मला कळते. नमुना एकच, तुलनेला दुसरी वेल नाही. आणि कोणी असे समजू नये की वेलीने त्याला बरे केले. गोळ्या चालू होत्या, मंगळवार चालू होते, आणि ते पुढे कित्येक महिने चालू राहिले. पण डॉक्टरबाईंना त्याने हा प्रसंग सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी तुमचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतलं. आता ते तुम्ही परत मागू नका." त्यावर तो मोठ्याने हसला. मी बाहेरच्या बाकावरून ऐकले. बाकावरच्या बाईंनी माझा हात दाबला.

एका सकाळी मी पाहिले तर तो वेलीत होता, पाने खुडत. मी हाक मारली नाही.

जे राहून गेले

सई आता चालते. त्याच्या मागे मागे वाडीभर फिरते, केळीच्या गळून पडलेल्या सोपटांना अडखळते, पडली की माझ्याकडे नाही, त्याच्याकडे हात करते. मी कामावर परतले आहे. हर्षल बरा आहे. तो स्वतः "बराचसा बरा" म्हणतो आणि त्या "बराचसा"वर ठाम आहे.

गेल्या आठवड्यात फोन साफ करताना तेव्हाचे जुने फोटो निघाले. फुलपाड्याचा पाळणा, बारसे, खुर्चीवर ताठ बसलेला हर्षल. त्याने एक पाहिला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"हे नको. तू सांग."

"काय सांगू?"

"तेव्हा ती कशी होती ते. मी होतो तिथे, पण मला काही दिसलं नाही."

मग मी सांगू लागले. झोपेत ओठ चोखायची. डाव्या कानामागे मऊ लव होती, ती नंतर गेली. शिंकली की स्वतःच दचकायची आणि मग कोणी केले म्हणून इकडेतिकडे पाहायची. तो मध्येच थांबवून विचारत होता: किती जोरात? रडायची का मग? कोणाकडे बघायची? एवढ्या भुकेने माझे बोलणे आजवर कोणी ऐकलेले नाही. ज्या ओढीची तो वाट पाहत होता ती आली होती. फक्त ती गेलेल्या महिन्यांसाठी आली होती, आणि ते महिने मी त्याला आणून देऊ शकत नव्हते.

"आणि डोक्याला वास कसा यायचा गं? सगळे म्हणतात, बाळाच्या डोक्याला वास असतो."

मी खूप प्रयत्न केला. दूध म्हटले, उन्हात वाळलेले सुती कापड म्हटले. मला तो सांगता येईना.

सई त्याच्या मांडीवर पेंगत होती. त्याने खाली वाकून तिच्या केसांत नाक खुपसले आणि दीर्घ श्वास घेतला.

"आता घामाचा येतो," तो म्हणाला.

"आता घामाचाच येणार."

"हं," तो म्हणाला. त्याने नाक तिथून काढले नाही.